दुबई दीड, दोहा अडीच

"अहो, आज पण उशीर? उद्या जरा लवकर उठा की."

हे वाक्य मी लिहिलेलं आहे. पुढचं डोळा मिचकावणारं पिवळं तोंड इंजिनिअरनं लावलं, पण शब्द माझे, आणि शेवटचं 'की' तर माझंच. लिहून दाखवलं तेव्हा मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बघा, हे कसं आपल्या माणसासारखं वाटतंय." मला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन नवऱ्यालाही वाचून दाखवलं. आता तेच वाक्य दिसलं की तोंडात पाणी येतं, ओकारीच्या आधी येतं तसं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. घरी हातमाग होता, आई कांड्या भरायची. आठवीनंतर मीही भरायला बसले आणि शाळा तिथंच राहिली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सोलापूरला आले. तो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर असतो. माहेर इतकं लांब की दौंडला गाडी बदलून जाण्यात एक दिवस आणि एक रात्र मोडते. आमच्याकडं दिवस इथल्यापेक्षा पाव तास आधी उगवतो. घड्याळ तेच, उजेड तेवढा वेगळा. पहिलं वर्षभर मी रोज अंधारात उठून बसायची आणि नवरा कुशीवर वळून म्हणायचा, "झोप, इथलं अजून उजाडायचंय."

मी काम करते ती कंपनी सोलापूर, अक्कलकोट, माळशिरसकडची माणसं आखातात पाठवते. हॉटेलांच्या धुलाईखान्यात चादरी धुवायला, स्वयंपाकघरात भांडी घासायला. काम तिकडच्या हॉटेलात, हजेरी आणि रजा मात्र आमच्या ऑफिसकडं. मॅडम मालकीण. त्यांनी मला घेतलं ते हजेरीचे फोन करायला. ऑफिसात बाकी सगळे पदवीवाले. माझ्याकडं नुसता शाळा सोडल्याचा दाखला. मॅडमनी तो बघितला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "आवाज चांगलाय तुमचा. उद्यापासून या." पुढं माझ्या पोराला डेंगी झाला तेव्हा त्यांनी दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी पाठवली. हे मी विसरलेली नाही. विसरता येत नाही, हीच अडचण आहे.

फोनच्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं होतं: दुबई दीड, मस्कत दीड, दोहा अडीच, कुवेत अडीच. म्हणजे तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तेवढे तास मागं. त्यांचं काम तिकडच्या सहाला सुरू होतं, म्हणून दुबईला आपल्या सव्वासातला फोन लावायचा आणि दोह्याला सव्वाआठला. "पोचलात का?" विचारायचं, वहीत बरोबरची खूण करायची. पहिल्याच आठवड्यात मी गोंधळले आणि दोह्याला सव्वासातला फोन लावला. एका माणसानं झोपेतल्या आवाजात उचलला.

"ताई, तुमच्याकडं सव्वासात झाल्यात व्हय? हितं पावणेपाच हायत. तुमी च्या घ्या निवांत, मी उठतोच आता."

रागावला नाही. मीच घाबरून फोन ठेवला. हा अक्कलकोटच्या बाजूचा माणूस. घरात कन्नड, बाहेर मराठी, धुलाईखान्यात इस्त्रीच्या मोठ्या रुळावर. जवळजवळ तीन वर्षं रोज मी त्याला फोन केला आणि तीन वर्षांत तो एकदाही उशिरा आला नाही. इथलं बोलणं मी बाजारात शिकले नाही, अशा माणसांशी फोनवर बोलता बोलता शिकले. 'लई' त्यांचं, 'की' त्यांचं.

मग चॅटबॉट आला. माणसानं फोनवरून 'आलो' असा मेसेज टाकायचा, मशीननं वेळ बघून हजेरी मांडायची आणि उलट उत्तर द्यायचं. म्हणजे माझे फोन बंद. माझी झोप उडाली होती, पण मॅडमनी बोलावून सांगितलं, "ताई, तुम्ही कुठं जात नाही. मशीन बोलेल ते तुम्ही लिहायचं. माणसांना तुमची भाषा कळते." मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. एक खुर्ची, एक संगणक, आणि दोन दिवसांत चाळीस वाक्यं लिहिली. वेळेवर आला तर काय, रजा मागितली तर काय, उशीर झाला तर काय.

मशीन बांधायला जुळे सोलापूर भागातला एक इंजिनिअर स्कूटीवरून यायचा. स्वभावानं वाईट नव्हता, मला ताई म्हणायचा. एका बैठकीत त्यानं सांगितलं, "एकच प्रश्न उरलाय. मेसेज आला ती वेळ आपल्याला कळते, पण माणूस आहे तिथं किती वाजलेत, ते मशीनला कसं कळणार? सोप्पंय. नंबरच्या आधीचा देशाचा आकडा बघायचा. ९७४ असेल तर कतार, ९७१ असेल तर दुबई, ९१ असेल तर भारत. विषय संपला."

मला त्याच क्षणी माहीत होतं की हे चालणार नाही. तिकडचं सिम कामासोबत बदलतं, कधी मालक काढून घेतो. मेसेज सगळे गावाकडच्याच नंबरवरून चालतात, कारण तो नंबर आईकडं, बायकोकडं, भावकीत सगळ्यांकडं असतो. माझ्या वहीत सगळे नंबर ९१चेच होते.

मॅडमनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "बरं आहे की."

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक तर वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्यानं हे धरलंच असेल. दुसरं वाटलं, मी बोलले आणि चूक निघालं तर सगळ्यांना आठवेल की ही आठवी. नवीन खुर्चीचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

पहिल्या दिवशी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळी नावं लाल झाली. दुबईवाले दीड तास उशिरा, दोहावाले अडीच तास. ऑफिसात हशा पिकला. कुणी भडंगाचा पुडा फोडला, तेलकट बोटांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'कुंभकर्ण मंडळ, सोलापूर शाखा'. एसीसाठी खिडक्या बंद, त्यात उदबत्तीचा, तेलाचा आणि कच्च्या कांद्याचा वास. तिकडं चाळीस माणसं पहाटे उठून, बसमध्ये बसून वेळेवर कामाला लागली होती, आणि त्या प्रत्येकाला माझं वाक्य गेलं होतं. अहो, आज पण उशीर. पहिल्याच दिवशी 'आज पण'.

इंजिनिअरला चूक लगेच कळली. "अरे, हे सगळे इंडियन नंबर वापरतात? कुणीच सांगितलं नाही." मी स्क्रीनकडं बघत राहिले.

मग त्यानं दुसरी रीत काढली. मशीन माणसाला एक निळी ओळ पाठवणार, ती दाबली की त्याच्या फोनमध्ये कुठल्या देशाचं घड्याळ लावलंय ते मशीनला कळणार. फोन तर माणसाच्या खिशात तिथंच असतो, तो आपोआप तिथली वेळ घेतो. दुसऱ्या दिवशी नावं भराभर हिरवी झाली, टाळ्या वाजल्या. लाल उरली तीन. त्यांतलं एक अक्कलकोटवाल्याचं. दोन तास वीस मिनिटं उशीर. दुसऱ्या दिवशी दोन तास वीस. तिसऱ्या दिवशी दोन तास एकवीस.

मी इंजिनिअरजवळ गेले. "हे बघा, धुलाईखान्यातले नऊ जण एकाच बसनं येतात. आठ वेळेवर आणि हा एकटा अडीच तास मागं? आणि रोज तेवढाच?"

"ताई, फोन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

मॅडम मागून म्हणाल्या, "बस चुकवत असेल."

"रोज?"

"रोज. या लोकांना वेळेची किंमतच नाही हो. म्हणून तर एवढा खर्च करून हे बसवलंय."

या लोकांना. मॅडमच्या टेबलावर काजूची वाटी होती आणि बोलताना त्या एकेक काजू उचलत होत्या. मला त्यांच्या बोटांची किळस आली. त्याच क्षणी पोराच्या तापातली ती गाडीही आठवली आणि मग माझ्या किळसेचीच किळस आली. मी जागेवर येऊन बसले.

नियम असा होता की महिन्यात पाच उशीर झाले की घरी यायच्या रजेतला नंबर शेवटी जातो. पूर्वी हे मॅडम बघायच्या, कधी सोडूनही द्यायच्या. आता मशीन आपलं आपण करत होतं. शनिवारी पाचवी लाल खूण पडली आणि पुढच्या महिन्यात घरी यायचा अक्कलकोटवाला यादीत तळाला गेला.

सोमवारी त्याच्या बायकोचा फोन आला. माझा नंबर तिच्याकडं होता. पूर्वी कधी नवऱ्याचा फोन लागला नाही तर मलाच विचारायची.

"ताई, तुमचं ते मशीन काय म्हणायलंय ओ? आमच्या मालकाची रजा गेली म्हणं."

मी म्हणाले, "उशीर लागलाय त्यांना पाच दिवस."

"उशीर? आवो, त्यो मानूस लग्नाच्या दिवशी पाव्हण्याआदी मांडवात जाऊन बसला होता. लोक हसत होती की. त्याला उशीर?" मग तिचा आवाज खाली आला. "पोरीचं जावळ हाय, ताई. वैशाखात तीन पुरी हुत्यात. तीनच्या आत काढाय लागतंय. आमच्यात पयली बट बापानं हातात धरायची, मंग न्हाव्यानं वस्तरा लावायचा. पाळण्यात हुती तवा गेलाय त्यो. सगळे केस डोळ्यावर आल्यात तिच्या, उन्हाचं निसतं खाजवत बसती. बाप यील, बाप यील म्हणून थांबलोय."

विचारायचं म्हणून विचारलं, "त्यांच्या फोनमध्ये टाइम कुठला असतो, माहितीये तुम्हाला?"

"हितलाच की. गेल्यापासनं बदललाच न्हाय त्यानं. पोरगी उठली का, जेवली का, आता निजली आसंल, आसं फोनकडं बघितलं की कळतंय म्हणतोय. तिकडचं घड्याळ भितीवर हाय की, त्ये बघून कामाला जायचं."

मी फोन ठेवला. इथं येऊन वर्षभर मी माहेरच्या उजेडानं उठत होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फोन खरंच खोटं बोलत नव्हता. तो अक्कलकोटची वेळ सांगत होता.

या वेळी मी गप्प बसले नाही. सरळ इंजिनिअरला सांगितलं, आणि नंबराचंही सांगून टाकलं, की मला आधीपासून ठाऊक होतं. त्याचं तोंड उतरलं. "ताई, एवढंच बोलला असतात तर." मग पेन चावत म्हणाला, "ठीक आहे, त्यालाच विचारू. 'तुमच्या इथं आता किती वाजले?' जो आकडा देईल त्यातून फरक काढू."

दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रीनपुढं उभे होते, मॅडमसुद्धा. मशीननं विचारलं. अक्कलकोटवाल्याचं उत्तर आलं: आठ वीस.

मॅडम हसल्या. "घ्या. स्वतःच कबूल करतोय."

मागं कुणी तरी म्हणालं, "प्रामाणिक तरी आहे."

मी तिथंच सगळ्यांसमोर माझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागं रुळाची घरघर येत होती.

"ओ, तुमच्या इथं किती वाजले म्हणून विचारलं, तर आठ वीस काय लिहिलं?"

"आठ ईसच झाल्यात की तुमच्याकडं."

"आमच्याकडं नाही हो, तुमच्याकडं."

"आमच्याकडं पाच पन्नास. पन ऑफिसनं इचारलं न्हवं? मंग ऑफिसचाच टाइम सांगाय पायजे. तुमाला परत हिशोब कराय लागू न्हाय म्हणून आठ ईस लिवलं. चुकलं का ताई?"

"नाही चुकलं," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

मग वहीचं पहिलं पान उघडून इंजिनिअरपुढं ठेवलं. माणसाला वेळ विचारायचीच नाही, म्हटलं. आज कुठल्या शहरात कामाला आहात, एवढंच विचारायचं. दोहा म्हणाला की अडीच, दुबई म्हणाला की दीड. दुसरीकडं पाठवला की पुन्हा विचारायचं. त्यानं ते पान दोनदा वाचलं. चार ओळींचं पान, पानाच्या कडेला माझ्या पोरानं काढलेला हत्ती.

"आधीच का नाही दिलं हे," तो हळूच म्हणाला. तासाभरात काम झालं. उरलेली तीनही नावं हिरवी झाली.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, मागचे पाच उशीर पुसायला सांगा. तो एकदाही उशिरा नव्हता. वहीत तीन वर्षं आहेत, बघा."

त्यांनी वही हातात घेतली नाही. "ताई, सिस्टममधलं मागं जाऊन बदलायचं नसतं. आज एकाचं बदललं की उद्या सगळे येतील. आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली, त्याचं तिकीट झालं. आता काय त्याला उतरवू?"

"पोरीचं जावळ आहे त्याच्या."

"व्हिडिओवर बघेल की. आता सगळं होतं व्हिडिओवर." मग माझ्याकडं बघून, मायेनंच म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता. चहा घेता का?"

मी चहा घेतला. हेच मला सांगायचं होतं बहुतेक. मी तो चहा घेतला, साय धरलेला, कोमट, आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

जावळाच्या दिवशी त्याच्या बायकोनं सकाळी फोटो पाठवला. पोरगी मामाच्या मांडीवर, रडून लाल झालेली. न्हावी वस्तरा घेऊन थांबलाय. आणि आईनं पोरीच्या डोक्याजवळ फोन धरलाय, इतका जवळ की केसांची एक बट काचेवर पडलीय. काचेत बापाचं तोंड, डोक्यावर धुलाईखान्याची जाळीची टोपी. खाली तिनं लिहिलं होतं: भटजीकाका म्हनले साडेआटचाच मुहूर्त हाय.

साडेआठ म्हणजे तिकडं सहा. मी संगणकाकडं वळले. नऊ जणांतली आठ नावं पाच पन्नासला हिरवी झाली होती. त्याचा 'आलो' आला तो सहा बाराला. फाटकाबाहेर उभा राहून त्यानं ते बघितलं असणार आणि मग आत गेला असणार. मशीननं या वेळी एका मिनिटाचीही चूक केली नाही. बारा मिनिटं उशीर, नाव लाल, आणि त्याच सेकंदाला माझं वाक्य पिवळ्या तोंडासकट त्याला गेलं. अहो, आज पण उशीर? उद्या जरा लवकर उठा की.

त्याचं उत्तर आलं. मशीनला कुणी उत्तर देत नाही, यानं दिलं.

"व्हय ताई. उद्या येतो वेळेवर."

ते मी नाही म्हणाले, मशीन म्हणालं, एवढं सांगायला मी फोन हातात घेतला. त्याचा नंबरही काढला. मग ठेवून दिला. माझं बोलणं त्यानं बरोबर ओळखलं होतं.